मैदानावरच्या 'त्या' पोरी, आपली संस्कृती आणि एक कनात

परवापासून आपल्या कामठीच्या चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप फिरून राहिली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. अर्ध्या मिनिटाचीही नाही. फुटबॉलच्या फायनलमध्ये गोल झाला, डीजे वाजला आणि स्टेजच्या बाजूला उभ्या असलेल्या चार पोरी नाचल्या. बस्स, एवढंच. त्यावर कोणी लिहिलं, 'हीच का आपली संस्कृती?' कोणी लिहिलं, 'गुन्हा दाखल करा.' एका महाशयांनी तर त्या पोरी कुठल्या आहेत ते शोधून काढा, असं आवाहन केलं. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, 'जमाना बदलला राजेहो, आयपीएलमध्ये चालते तर कामठीत काऊन नाही?'

मी त्या रात्री मैदानावर होतो. वर्गणीही दिली होती. त्यामुळे मला यावर बोलायचा हक्क आहे आणि थोडी जबाबदारीही आहे. मंडळाचं नाव लिहीत नाही. पोरं आपलीच आहेत, वाईट नाहीत, आणि प्रश्न एका मंडळाचा नाहीच. कमेंटमध्येही कृपा करून नाव टाकू नका. पोस्ट लांब झाली आहे, पण पूर्ण वाचा आणि मग शिव्या द्यायच्या तर द्या.

आधी त्या रात्री काय झालं ते सांगतो.

फ्लडलाइटची स्पर्धा होती. बक्षिसं चांगली, ट्रॉफी माझ्या पुतणीच्या उंचीची. या वेळी पहिल्यांदाच फायनलच्या आधी मुलींचा एक प्रदर्शनीय सामना ठेवला होता. माझी पुतणी त्यात गोलकीपर. दोन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. तिच्या आईने तिच्यासाठी नवे ग्लोव्हज आणले. साडेसहाला सामना सुरू होणार होता. प्रमुख पाहुणे आले पावणेआठला. मग दीपप्रज्वलन, हारतुरे, शाली, भाषणं. शेवटी मुलींना सांगण्यात आलं की बेटा, वेळ कमी आहे, दहा-दहा मिनिटांचा हाफ करून टाका. त्यांनी दहा-दहा मिनिटांत सामना आटोपला. माझ्या पुतणीने दोन गोल अडवले. एक अडवला तेव्हा स्टेजवरचे अर्धे लोक पाहुण्यांसोबत फोटो काढत होते.

त्यानंतर मुलांची फायनल. तेव्हा त्या चार पोरी आल्या. एका इव्हेंट कंपनीकडून आणलेल्या. चमकीचा आखूड ड्रेस, खांद्यावरून प्रायोजकाच्या नावाचा पट्टा. त्यांचं काम काय? पाहुण्यांसोबत चालत मैदानात जायचं, ट्रॉफीच्या बाजूला उभं राहायचं, गोल झाला की नाचायचं आणि बक्षीस वाटपाच्या वेळी ताट धरायचं. थंडी अशी होती की मी स्वेटरवर मफलर गुंडाळून बसलो होतो.

सामना संपल्यावर पुतणीला घ्यायला गेलो, तर ती कुठे दिसेना. विचारत विचारत मंडपाच्या मागे गेलो. तिथे एक कनात लावली होती. आत लाइट नाही. मुलींच्या दोन्ही टीमला कपडे बदलायला ती एकच जागा. आणि त्या चार पोरींनाही तीच. बाहेर आमची एक मुलगी आणि त्या चौघींपैकी एक जण ओढणी ताणून आडोसा धरून उभ्या होत्या. आतून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड. दहा पावलांवर पोट्ट्यांचं एक टोळकं उगाच रेंगाळत होतं. त्यांना हाकललं.

पुतणी बाहेर आली आणि म्हणाली, "मोठेबाबा, त्या दीदीच्या पायात काच गेली होती, आम्ही पट्टी बांधून दिली."

क्लिपमध्ये ही कनात नाही. म्हणून ही पोस्ट.

आता पहिल्या गटाकडे येतो, संस्कृतीवाल्यांकडे. मी त्यांची टिंगल करणार नाही. मलाही तो प्रकार आवडला नाही. पण 'संस्कृती' म्हणून आपण जे ओरडतो, त्याचा महाराष्ट्रातला इतिहास जरा आठवा.

२००८ साली आयपीएल सुरू झाली. पहिल्याच मोसमात चिअरलीडर्सवरून आपल्या राज्यात मोठा गदारोळ झाला. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामने होते. राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. परवाना आहे का, कपडे किती, अश्लील कशाला म्हणायचं, यावर आठवडाभर टीव्हीवर चर्चा. काही ठिकाणी पोशाख बदलले. मग सगळे गप्प झाले आणि सामने चालू राहिले.

त्याच वेळी एक सवाल विचारला गेला होता, आणि तो सवाल रास्त होता. त्याच्या तीनच वर्षं आधी, २००५ मध्ये, याच राज्याने डान्स बारवर बंदी घातली होती. त्या कायद्यात गंमत काय होती? साध्या बारमध्ये बाईने नाचायचं नाही, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. म्हणजे गरिबासमोर नाचली तर अश्लील, श्रीमंतासमोर नाचली तर मनोरंजन. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. हा भेदभाव हे त्यातलं एक मोठं कारण होतं. पण मधल्या आठ वर्षांत हजारो बायांचा रोजगार गेला तो गेलाच. बंदी घालणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्या घरी जाऊन चूल पेटते की नाही हे पाहिलं नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. २०२२ च्या जानेवारीत उमरेड तालुक्यातल्या ब्राह्मणी गावात शंकरपटाच्या निमित्ताने 'डान्स हंगामा' झाला होता. व्हिडिओ व्हायरल झाले, राज्यभर बोंब झाली, पोलिसांनी गुन्हे दाखल केले, अटकही झाली. तिथे जे झालं त्याचं समर्थन कोणीच करणार नाही, मीही करत नाही. पण आपण तेव्हा काय केलं? तो व्हिडिओ 'शी शी' म्हणत पुढे पाठवला. बैल पळवणारे पुरुष, तंबू लावणारे पुरुष, तिकीट फाडणारे पुरुष, बघायला गेलेले पुरुष. आणि फिरला तो चेहरा कोणाचा? नाचणारीचा.

आणि जामठ्याला २०१० मध्ये डेक्कन चार्जर्सचे आयपीएलचे सामने झाले, तेव्हा आपण तिकिटासाठी धावलो. मीही गेलो होतो. सीमारेषेजवळ चिअरलीडर्स नाचत होत्या. तेव्हा कामठीतून कोणी निषेधाचं पत्रक काढल्याचं मला तरी आठवत नाही. मैदान मोठं असलं, तिकीट महाग असलं, नाचणारी गोरी असली की आपली संस्कृती शाबूत राहते. तीच गोष्ट नागपूरच्या एखाद्या वस्तीतली पोरगी आपल्या मैदानावर करते तेव्हा मात्र संस्कृती बुडते. हे कसं काय?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. त्या पोरींवर बोट दाखवणं आधी बंद करा. त्यांनी स्वतःहून येऊन आपल्या मैदानावर नाच केला नाही. आपण बोलावलं. आपल्या वर्गणीतून बोलावलं. त्यात माझेही पैसे आहेत. जाब विचारायचा तर आम्हाला विचारा.

आता दुसरा गट. 'पब्लिकला पाहिजे.'

आयोजकांपैकी एक पोरगा मला म्हणाला, "भाऊ, प्रायोजक म्हणतो ग्लॅमर पाहिजे. ग्लॅमर नसलं तर पब्लिक येत नाही." मी त्याला म्हटलं, बेटा, तू कोणत्या गावात जन्मला?

१८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसवली, त्यातून हे शहर वाढलं. फुटबॉल आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या फुटबॉलमध्ये आजही मानाने घेतलं जाते. आमच्या लहानपणी विणकर आणि बिडी कामगार दिवसभराचं काम आटोपून मॅच पाहायला येत, सायकल टेकवून त्यावर उभे राहून पाहत. डीजे नव्हता, एलईडी स्क्रीन नव्हती, पट्टेवाल्या पोरी नव्हत्या. तरी गर्दी अशी की बॉल बाहेर गेला तर परत आणायला जागा नसे. त्या पब्लिकला काय पाहिजे होतं? चांगला खेळ पाहिजे होता. आज ते पब्लिक कमी झालं असेल तर कारण शोधा. वेळेवर सामने होत नाहीत, बसायला जागा नाही, बायकांना यावंसं वाटेल असं वातावरण नाही. त्याचं औषध चार पोरी नाचवणं हे नाही.

आणखी एक गोष्ट. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी हैदराबादला सनरायझर्स आणि मुंबई इंडियन्सचा सामना होता. खेळाडूंनी काळ्या फिती बांधल्या, आतषबाजी झाली नाही, चिअरलीडर्स नव्हत्या. पुढे मे महिन्यात स्पर्धा थांबून पुन्हा सुरू होणार होती तेव्हा सुनील गावस्करांनीही सुचवलं की उरलेल्या सामन्यांत डीजे आणि नाचणाऱ्या मुली नकोत, ज्यांची माणसं गेली त्यांचा मान राहू द्या. योग्यच होतं ते. पण यातून एक गोष्ट उघड झाली. खेळ तसाच झाला. चौकार तेवढेच गेले, विकेट तशाच पडल्या. ज्या गोष्टीशिवाय खेळ आहे तसाच राहतो, ती खेळाची गरज नाही. ती जाहिरातीची गरज आहे. मग 'पब्लिकला पाहिजे' म्हणून पब्लिकच्या माथी मारू नका. 'प्रायोजकाला पाहिजे' असं सरळ म्हणा.

यावर कोणी म्हणेल की चिअरलीडिंग हाही एक खेळच आहे. बरोबर आहे. त्याची सुरुवात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १८९८ मध्ये झाली आणि सुरू करणारा एक विद्यार्थी होता, पुरुष. बायका त्यात आल्या १९२३ च्या सुमारास. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, माणसांचे मनोरे रचतात, कोलांट्या मारतात आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांच्या महासंघाला पूर्ण मान्यताही दिली. त्याला सराव लागतो, ताकद लागते, प्रशिक्षक लागतो. आपल्या गोविंदांच्या थरांची आठवण होईल असा तो प्रकार आहे. तसं कोणी आपल्या मैदानावर करणार असेल, मुलं-मुली मिळून, तर मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. पण थंडीत आखूड ड्रेस घालून ट्रॉफीच्या शेजारी उभं करणं आणि हा खेळ, या दोन गोष्टी एक नाहीत. नाव एक दिलं म्हणून एक होत नाहीत.

जगात हा वाद आपल्याही आधी झाला आहे. २०१८ च्या जानेवारीत एकाच आठवड्यात दोन निर्णय झाले. डार्ट्सच्या व्यावसायिक संघटनेने खेळाडूंना हाताला धरून स्टेजवर आणणाऱ्या मुली बंद केल्या. आणि फॉर्म्युला वनने शर्यतीच्या आधी गाड्यांसमोर पाटी घेऊन उभ्या राहणाऱ्या 'ग्रिड गर्ल्स' बंद केल्या. त्यांच्या जागी लहान मुलं आणली, जी स्वतः गाडी चालवायला शिकत होती. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत विजेत्याच्या दोन्ही बाजूंना दोन तरुणी उभ्या असत. २०२० पासून एक स्त्री आणि एक पुरुष असं केलं. साधा उपाय. आभाळ कोसळलं नाही, शर्यत बंद पडली नाही.

पण यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फॉर्म्युला वनच्या निर्णयानंतर सगळ्यात जास्त चिडल्या त्या ग्रिड गर्ल्सच. त्यांचं म्हणणं होतं, आमच्या भल्यासाठी म्हणून आमचं काम काढून घेतलं, पण आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. हे म्हणणं मला खरं वाटते. आपल्याकडे डान्स बारच्या वेळी अगदी हेच झालं होतं. बाईबद्दलचे निर्णय बाई सोडून सगळे घेतात. बंदी घालणाराही पुरुष, नाचवणाराही पुरुष.

म्हणून मी त्या रात्री विचारलं. पुतणीने जिला पट्टी बांधली ती पोरगी आणि तिच्या मैत्रिणी कामठी रोडवर ऑटोची वाट पाहत उभ्या होत्या. साडेअकरा वाजून गेले होते. सोडून द्यायला गाडी येणार होती, ती आली नव्हती. कंपनीचा माणूस फोन उचलत नव्हता. हिने त्यांना म्हटलं, ऑटो मिळेपर्यंत आमच्या गाडीत बसा, गारठून जाल. तेवढ्यात जे बोलणं झालं ते लिहितो. तिने लिहायला हो म्हटलं, नाव नका टाकू म्हणाली.

ती बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील नाहीत. लग्नसराईत रिसेप्शनला पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहायचं काम करते, मॉलमध्ये सेंटच्या बाटल्या घेऊन उभी राहते, कधी असं स्पर्धेत. मी विचारलं, बेटा, हे काम आवडते का? ती म्हणाली, "काका, उभं राहायचं काम आहे. आवडायचं काय त्यात? पैसे वेळेवर मिळाले तर चांगलं आहे." हजार रुपये ठरले होते. हातात आठशे आले. दोनशे ड्रेसच्या धुलाईचे कापले. ड्रेस कोणता असणार ते तिथे गेल्यावर कळलं, आधी साडी सांगितली होती. नाही म्हटलं असतं तर पुढचं काम मिळालं नसतं. नाचायचं आहे हेही तिथेच कळलं.

मी विचारलं, सगळ्यात त्रास कशाचा होतो? मला वाटलं थंडी म्हणेल, पायातली काच म्हणेल. ती म्हणाली, "मोबाइलचा, काका. सगळे खालून व्हिडिओ काढतात."

'ती स्वतःच्या मर्जीने करते ना' असं जे म्हणतात, त्यांनी हे वाचावं. मर्जी म्हणजे काय? काम कोणतं ते आधी माहीत असणं, कपडे कोणते ते आधी माहीत असणं, नाही म्हणता येणं, ठरलेले पैसे मिळणं. यातलं एकही नसेल तर ती मर्जी कसली? आणि उलट, यातलं सगळं असेल आणि एखादी सज्ञान बाई म्हणत असेल की मला हे काम करायचं आहे, तर तिला अडवणारा मी कोण?

हे फक्त आपल्या गल्लीतच होते असं समजू नका. आयपीएलच्या पहिल्याच वर्षी मोहालीच्या सामन्यासाठी आलेल्या दोन ब्रिटिश कृष्णवर्णीय तरुणींनी आरोप केला होता की आमच्या त्वचेच्या रंगामुळे आम्हाला मैदानात जाऊ दिलं नाही. २०११ मध्ये मुंबई इंडियन्सच्या चिअरलीडर्समधल्या एका दक्षिण आफ्रिकन तरुणीने पार्ट्यांमध्ये खेळाडू कसे वागतात हे लिहिलं, तर तिलाच मायदेशी परत पाठवलं. अमेरिकेत ओकलंड रेडर्स या श्रीमंत फुटबॉल संघाच्या चिअरलीडर्स २०१४ मध्ये कोर्टात गेल्या, कारण सरावाचे तास धरले तर त्यांना किमान वेतनही मिळत नव्हतं. संघाला साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. म्हणजे झगमगाट कितीही मोठा असो, त्यातल्या पोरीच्या हातात काय पडते हे कोणी विचारत नाही. आणि २०२३ मध्ये आपल्याच राज्यात एका प्रसिद्ध नृत्यांगनेचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून पसरवला गेला, राज्य महिला आयोगाला दखल घ्यावी लागली. आपल्या मंडपामागच्या कनातीत त्या रात्री ते होऊ शकलं असतं. त्यात माझी पुतणीही होती. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

इथेच माझं मत पक्कं झालं. आपण हा वाद 'खेळणाऱ्या चांगल्या घरच्या पोरी' आणि 'नाचणाऱ्या त्या पोरी' असा मांडतो. पण त्या रात्री मैदानाने दोघींना एकच वागणूक दिली. एकीला दहा मिनिटांचा हाफ दिला, दुसरीला आठशे रुपये दिले. दोघींना कपडे बदलायला अंधारी कनात दिली. एलईडी स्क्रीनसाठी पैसे होते, पाहुण्यांच्या शालींसाठी पैसे होते, पण एका बल्बसाठी आणि एका बंद दारासाठी नव्हते. आपल्या मैदानावर बाईने खेळावं असंही आपल्या मनात नाही आणि नाचणारीला मान द्यावा असंही नाही. ती फोटोत असावी, एवढंच आहे.

कपड्यांचंच घ्या. २०२१ मध्ये युरोपातल्या बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना दंड झाला. अंग झाकलं म्हणून दंड! इतका गाजावाजा झाला की त्याच वर्षी नियम बदलला. आणि आपल्याकडे शॉर्ट्स घालून फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला शेजारची बाई म्हणते, आता मोठी झाली, पूर्ण पँट घाल म्हणा. तिकडे कपडे कमी पाहिजेत, इकडे जास्त पाहिजेत. खेळणाऱ्या मुलीला कशात नीट पळता येते, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

आता त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमची दुसरी गोष्ट आठवा. २००८ मध्ये तिथल्या सीमारेषेबाहेरच्या मुलींच्या कपड्यांवर आपण भांडलो. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच मैदानावर सीमारेषेच्या आत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. स्टेडियम खच्चून भरलं होतं, मध्यरात्रीपर्यंत लोक हलले नाहीत. त्या दिवशी ग्लॅमर कुठून आणलं होतं? आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली, तेव्हा विमानतळावर तिला पाहायला गर्दी लोटली. बुद्धिबळाला! जिथे दोन माणसं तासन्‌तास तोंडातून शब्द न काढता बसतात! पब्लिकला काय पाहिजे ते पब्लिकने दाखवून दिलं आहे. आपण प्रायोजकाच्या तोंडाकडे पाहत बसलो तर तो आपला दोष.

मग करायचं काय? नुसती टीका करून घरी बसणाऱ्यांपैकी मी नाही. मंडळाच्या पोरांना मी हेच सांगितलं आहे, इथेही लिहितो.

एक. ट्रॉफीच्या बाजूला शोभेसाठी कोणाला उभं करायचं नाही. ट्रॉफी मैदानात आणायची तर आपल्या जुन्या खेळाडूंनी आणावी. कामठीत असे म्हातारे आहेत ज्यांनी या मैदानावर गुडघे फोडून घेतले आणि आज त्यांना कोणी ओळखत नाही. त्यांच्या हाताला धरून चौदा वर्षांखालची मुलं-मुली चालू द्या. यापेक्षा चांगला फोटो कोणत्या प्रायोजकाला मिळणार?

दोन. मुलींचा सामना प्रदर्शनीय नको, पूर्ण वेळेचा पाहिजे, आणि ठरलेल्या वेळेला. पाहुणे उशिरा आले तर पाहुण्यांचं भाषण कापा, खेळ कापू नका.

तीन. नाच-गाणं ठेवायचंच असेल तर जरूर ठेवा. मी नाचाच्या विरोधात नाही. आपल्या कॉलेजांमध्ये एकापेक्षा एक नाचणारी मुलं-मुली आहेत, लेझीम आहे, ढोल आहे. पैसे देऊन कलाकार आणायचे तर काम, कपडे, वेळ, मानधन आधी लेखी ठरवा. पैसे थेट त्यांच्या खात्यात, कंपनीच्या माणसाच्या हातात नाही. आणि रात्री घरी सोडायची जबाबदारी मंडळाची.

चार. दार लागेल अशी, लाइट असलेली, पाण्याची सोय असलेली खोली. मुलींसाठी वेगळी. जवळच्या शाळेला विनंती करा, एक वर्गखोली देतील. नाहीच जमलं तर स्पर्धाच घेऊ नका.

पाच. स्टेजच्या खाली उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांना बाहेर काढायला चार स्वयंसेवक. आणि ग्रुपवर ती क्लिप आली तर ॲडमिनने डिलीट करायची. नैतिकतेची पोस्ट लिहायची तर लिहा, पण क्लिप न जोडता लिहा.

मंडळातल्या एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, पटते सगळं. पण प्रायोजक पळाला तर?" प्रश्न खरा आहे, मी उडवून लावत नाही. स्पर्धेला पैसा लागतो. मी त्याला म्हटलं, प्रायोजकाने हात मागे घेतला तर पुढच्या वर्षी माझी वर्गणी दुप्पट धर, आणि मी आणखी दहा जणांकडे तुझ्यासोबत येतो. एलईडी स्क्रीन नको, ट्रॉफी छोटी कर. हे जाहीर लिहितो आहे म्हणजे मला नंतर फिरता येणार नाही. ज्यांनी त्या क्लिपखाली 'संस्कृती' लिहिलं त्यांच्यापैकी किती जण वर्गणी द्यायला पुढे येतात, तेही मोजू.

शेवटी पुतणीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा पिताना म्हणाली, "मोठेबाबा, त्या दीदीने विचारलं होतं, गोलकीपरला भीती नाही वाटत का बॉलची?" मी विचारलं, तू काय म्हटलं? "म्हटलं, वाटते. पण सगळ्यांसमोर नाचायची मला जास्त वाटली असती. तर ती म्हणाली, मलाही वाटते."

ती क्लिप पाहिलेली असेल तर एवढं लक्षात ठेवा. आणि कृपा करून पुढे पाठवू नका.